मेंदूतली घरची अफू

सोमवार, ३ नोव्हेंबर. सकाळी ६.१०

ही वही आजपासून. उद्देश शास्त्रीय.

शामलाच्या पित्ताशयात खडे निघाले. किती, ते सोनोग्राफीवाल्यानं सांगितलं नाही, 'बरेच' म्हणाला. ऑपरेशन ११ डिसेंबर, गुरुवार. सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून होतं, घाबरण्यासारखं काही नाही. शामला घाबरली नव्हती. मी घाबरलो, म्हणून काल संध्याकाळी थोडी घेतली.

आज चहाच्या वेळी ती म्हणाली, 'पंचवीस वर्षांत मी तुमाले काही मागितलं नाही. त्या दिवशी सही कराले आन् दारापाशी उभं राहाले तुम्ही पाहिजे. शुद्धीत. बाकी मंग काय करायचं ते करा.'

पंचवीस वर्षांत काही मागितलं नाही, हे विधान सदोष आहे. ओव्हन मागितला होता. पण पेशंट माणूस, खंडन केलं नाही.

तिला अशी शंका का यावी? सातवीत असताना आमच्या मुलाचा, अंकितचा, हात मोडला तेव्हा मी फोनवर 'आलोच' म्हणालो होतो. आलोही होतो. दुसऱ्या दिवशी. बायका तपशील विसरत नाहीत. अंकित आता बंगळुरूला नोकरीला आहे, हात उत्तम आहे. त्याला तेरा तारखेशिवाय रजा नाही.

मी म्हटलं, एका दिवसाचं काय घेऊन बसलीस, कायमची सोडतो. म्हणाली, 'कायमची नका सोडू जी. त्या दिवशीची सोडा.'

दृष्टी फार जवळची आहे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

योगायोग पाहा. संपादकांनी बोलावून चार भागांची लेखमाला दिली. विषय: दारू आणि मेंदू. म्हणाले, तुमच्याइतका अनुभव कोणाचा नाही. पत्रकारितेतला, असं मी समजलो.

एका दगडात दोन कामं. लेखमालाही होईल आणि व्यसनही जाईल. व्यसन म्हणजे सवय. म्हणजे कधीकधी.

तूर्त वाचन. वाचनाबरोबर दोन पेग.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी

थक्क झालो. मेंदू स्वतःची अफू स्वतः तयार करतो. परवाना नाही, तपासणी नाही, ठेका नाही. एन्डॉर्फिन म्हणतात. अफूला संस्कृतात अहिफेन, सापाचा फेस. म्हणजे प्रत्येकाच्या डोक्यात एक नाग बसलेला आहे आणि दारू त्याला पुंगी दाखवते. पहिल्या घोटानंतर जे बरं वाटतं ते दारूचं नव्हेच. ते आपल्याच घरचं.

यातून जो निष्कर्ष निघतो तो नागपुरात तरी अजून कोणी काढलेला नसावा. बाटली हे निमित्तकारण. मेंदू हे उपादानकारण. मडकं होतं ते मातीचं, कुंभाराच्या काठीचं नव्हे. म्हणजे एवढी वर्षं मी दारू पीत नव्हतो. स्वतःचाच माल स्वतः घेत होतो.

शामलाला हे समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, 'मंग ते निमित्त कपाटात काहून ठेवता? डोक्यात ठेवा ना.'

एम.ए. संस्कृतला विद्यापीठात दुसरा आलो होतो. घरी त्याचा काही उपयोग नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज घेतली नाही. गुरुवारी घेतच नाही. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. शिवाय एकादशी, चतुर्थी. म्हणजे आठवड्यातले तीन दिवस मी मुळातच निर्व्यसनी आहे. प्रश्न उरलेल्या चारांचा. निम्म्याहून जरासाच मोठा.

ऑपरेशनही गुरुवारीच आहे. मग काळजी कसली, हे शामलाला विचारलं. म्हणाली, 'गुरुवारच्या आधी बुधवार येते.'

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

लेखमालेचा पहिला भाग लिहिला. यात तिघा भावंडांची ओळख करून दिली: एन्डॉर्फिन, एन्केफेलिन आणि डायनॉर्फिन. पहिली दोघं सुख देतात. तिसरा घरातला रडका. दारू उतरली, रोजच्या वेळेला मिळाली नाही, की हा पुढे येतो आणि जीव नकोसा करतो. सत्त्व, रज, तम अशी वाटणी केली. संपादक म्हणाले, वाटणी काढा. काढली. वाचकांचं नुकसान.

मुख्य मुद्दा असा की ही अफू बाटलीशिवायही सुटते. धावल्यानं, हसल्यानं, तिखटानं. मग बाटली कशाला? नैसर्गिक मार्ग. उद्यापासून. उद्या शनिवार, तसाही मोकळा.

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळी ७.४०

सक्करदरा तलावाभोवती धावलो. सव्वा फेरी. धावल्यानं आनंद होतो असं वाचलं होतं. थांबल्यावर झाला.

रविवार, ९ नोव्हेंबर

गुडघा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तिखटाचा प्रयोग. दुर्गेश आमचा भिवापूरचा वार्ताहर, माझ्याच वयाचा, मित्र म्हणायला हरकत नाही. त्याला फोन करून भिवापुरी मिरच्या मागवल्या. तर्क असा: जीभ भाजली की मेंदूला वाटतं अपघात झाला, आणि तो अफू सोडतो. मेंदूला असं फसवणं म्हणजे सरकारकडून खोटा पंचनामा करून मदत घेण्यासारखं आहे, पण आरोग्यासाठी चालेल.

संध्याकाळी सावजी खानावळीत बसलो. रश्श्यात मिरच्या वेगळ्या कुटून घातल्या. पाचव्या घासाला कानातून वाफा. डोळ्यांतून पाणी. सुख कुठे येतं याची मी वाट पाहत होतो. दुर्गेश म्हणाला, 'पाण्यानं हे तिखट जात नाही गा. बिअर सांगू का?'

बिअर दारूत धरलेली नाही. हे अग्निशमन होतं.

तीन बंब लागले.

बुधवार, १२ नोव्हेंबर. सकाळी ६.३०

हास्यक्लब. बागेत भीमाबाई घेतात. आमच्या शेजारी राहतात, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात तीस वर्षं स्टाफ नर्स होत्या, आता रिटायर. हात वर करून सगळ्यांनी हा हा हा करायचं. मी केलं. माझ्या तोंडाला वास येत होता म्हणे. भीमाबाई सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. नंतर बाजूला घेऊन म्हणाल्या, 'भाऊ, हसून काही होत नाही तुमचं. डॉक्टरले दाखवा. धम्मानंदकडे जा. चांगला पोरगा आहे, माह्या हाताखाली इंटर्न होता.'

मी म्हटलं, मी लेखमालेसाठी संशोधन करत आहे. म्हणाल्या, 'हो, तेच दाखवा त्याले.'

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डॉ. धम्मानंद. मानसोपचारतज्ज्ञ. वय फार तर अडतीस. बोलणं मऊ, पेन तीक्ष्ण.

किती घेता, विचारलं. म्हटलं, सामाजिक. म्हणाले, 'किती लोकांचा समाज आहे सर?' विचार करून सांगितलं, बहुधा दोघांचा. त्यांनी लिहून घेतलं. माणूस इतकं का लिहितो कळत नाही, बातमीदार मी आहे.

अफूच्या जातीचं एखादं दुखण्याचं औषध चालू आहे का, असंही विचारलं. म्हटलं, बाहेरून नाही. विनोद कळला नाही त्यांना.

एक गोळी आहे. मेंदूत अफू जिथे जाऊन बसते त्या जागा म्हणजे कुलपं. ही गोळी त्या कुलपांत आधीच जाऊन बसते. मग तुम्ही प्या, मेंदू अफू सोडेल, पण तिला आत शिरायला जागा नाही. पिण्यातली मजाच लागत नाही, हळूहळू ओढ कमी होते. हळूहळू, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मधेच सोडायची नाही, हे तीनदा.

आधी लिव्हरची तपासणी. रिपोर्ट बरा आला तर रोज एक, सकाळी नाश्त्यानंतर.

शामलाला सांगितलं. रात्रीच्या वरणात तूप जास्त होतं.

सोमवार, १७ नोव्हेंबर

लिव्हरचा रिपोर्ट: 'किंचित वाढलेलं, चालेल.' माझ्याबद्दल असं लेखी मत प्रथमच.

पहिली गोळी. तर्री पोह्यांनंतर. थोडी मळमळ. संध्याकाळी इच्छा झाली नाही. सोमवार होता.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज गोळी हातात घेतली आणि थांबलो. विचार करण्याची सवय असलेल्या माणसाचं असं होतं.

मंगळवार हा मोकळा वार. आज संध्याकाळी घेतली जाण्याची शक्यता आहे. सकाळी गोळी घेतली तर संध्याकाळची मजा लागणार नाही. मजाच लागायची नसेल तर पिण्यात अर्थ काय? म्हणजे दोन्ही वाया: गोळीही आणि दारूही. उलट सोमवार, गुरुवार, शनिवार मी पीत नाही. त्या दिवशी गोळी घेतली तर दारू आणि गोळी यांची गाठच पडत नाही. कोणाचंही नुकसान नाही.

औषध पथ्याच्या दिवशी घ्यावं, हे आयुर्वेदालाही पटेल. डॉक्टरांना एवढ्यासाठी फोन केला नाही. त्यांनी वार विचारलेच नव्हते, ही त्यांची चूक.

कॅलेंडरवर सोमवार, गुरुवार, शनिवारला टिक केल्या. आज टिक नाही. संध्याकाळी दोन.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आढावा. गोळी घेतलेल्या चारही दिवशी दारू घेतली नाही. यश शंभर टक्के. असं प्रभावी औषध मी पाहिलं नाही. लेखमालेच्या दुसऱ्या भागात 'स्वानुभव' असा उल्लेख केला. एका वाचकाचा वर्ध्याहून फोन आला, गोळीचं नाव विचारत होता. म्हटलं, डॉक्टरांना विचारा, आपल्या मनानं काही करू नका. लोक काय वाटेल ते करतात.

बुधवार, २६ नोव्हेंबर. रात्री ८.३०

आज एक अनर्थ झाला.

सकाळपासून आज गुरुवार आहे असं वाटत होतं. काल ऑफिसात उद्याच्या अंकाचं पान लावताना तारखा पुढच्या घातल्या होत्या, त्यामुळे. नाश्ता करून गोळी घेतली. मग दुर्गेशचा फोन, तहसीलच्या कामानं आलो आहे, बसू या. तेव्हा लक्षात आलं की आज बुधवार. गोळी पोटात.

म्हटलं, एखाद्या गोळीनं काय होतं.

पहिला पेग घेतला. काही नाही. दुसरा. पाय सैल, डोकं जड, पण बरं वाटेना. मांडव घातला, बँड वाजतो आहे, वऱ्हाड जमलं आहे आणि नवरदेवाचा पत्ता नाही, तसं. दुर्गेशला म्हटलं, माल भेसळीचा आहे. तो म्हणाला, 'मले तर मस्त चढून राहिली गा. तुहीच काहीतरी गडबड आहे.' एकाच बाटलीतली. तिसरा अर्धा ग्लासात ठेवून उठलो. दुर्गेश माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मी बसमधून सामान न घेता उतरलो.

साडेसातला घरी. शामलानं दार उघडून आधी माझ्यामागे पाहिलं, कोणी आणून सोडलं का ते.

गरम भाकरी होती. जेवलो. मग ती ओट्यापाशीच बसली आणि बोलायला लागली. तिच्या शाळेतलं, अंकितचं, मग ऑपरेशनचं. म्हणाली, 'चिरफाडीची भीती नाही वाटत मले. भूल देतात ना, त्याची वाटते. डोळे मिटाच्या आधी कोणी घरचं दिसलं पाहिजे. बस.' एवढं बोलून भांडी लावायला लागली.

मी म्हटलं, मी असेनच.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

कालची संध्याकाळ वाया गेली. असं पुन्हा होता कामा नये. कॅलेंडर ऑफिसातून घरी आणून फ्रिजवर लावलं. मोकळ्या वारांवर लाल फुली. गोळ्यांची डबी देवघरात ठेवली, म्हणजे वार पाळूनच हात जाईल.

डॉक्टरांना फोन केला, की गोळीनं दारूची चव गेली, दुष्परिणाम तर नाही?  ते म्हणाले, 'सर, हाच परिणाम आहे. यासाठीच दिली आहे. रोज घेताय ना?' म्हटलं, नियमित घेतो. हे खरं आहे. नियम माझे आहेत.

डॉक्टर हुशार आहेत, पण तरुण.

सोमवार, १ डिसेंबर

तिसरा भाग छापून आला. यात लिहिलं आहे की जुन्या पिणाऱ्याच्या मेंदूत घरची अफू कमी पडू लागते. आधी सुखासाठी पितो, मग नुसतं नॉर्मल वाटावं म्हणून. फार परिणामकारक उतरलं आहे. एक वाक्य तीनदा वाचलं. छपाई पुसट असावी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

संकल्प, अंतिम: बुधवार, १० डिसेंबर. सकाळी गोळी (अपवाद म्हणून). संध्याकाळी सात वाजता जेवण. नऊला झोप. गुरुवारी पाचला उठून अंघोळ, पांढरा शर्ट.

आजपासून तयारीला लागायला हवं होतं. पण आज शुक्रवार.

सोमवार, ८ डिसेंबर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू. मुंबईची पत्रकार मंडळी आली. दर वर्षी येतात, थंडी थंडी करतात आणि आमच्या खांद्यावर हात ठेवून 'यार, बसायचं कुठे?' विचारतात. संध्याकाळी चौघांनी आग्रह केला. मी ठामपणे नकार दिला. त्यांना लेखमाला दाखवली. ते भारावले. एकजण म्हणाला, तुझी विल पॉवर मानली पाहिजे.

सोमवार असल्याचं मी सांगितलं नाही.

मंगळवार, ९ डिसेंबर

चौथा आणि शेवटचा भाग उद्या दुपारपर्यंत हवा. संपादक म्हणाले, शेवट वैयक्तिक करा, वाचकांना जिंकलेला माणूस आवडतो. आजच लिहून टाकला. शीर्षक: 'मी मोकळा झालो'. गुरुवारी छापणार. म्हणजे गुरुवारी ते खरं असलेलं पुरे. पत्रकारितेत थोडं आधी लिहावंच लागतं, निवडणुकीच्या निकालाचे दोन्ही मथळे आपण तयार ठेवतोच.

संध्याकाळी शामलानं बॅग भरली. म्हणाली, 'उद्या पाचले भरती व्हायचं आहे. बायकांचा वॉर्ड आहे, राती भीमाबाई राहणार आहेत. तुम्ही तुमचं अधिवेशन करा. परवा सकाळी दहाले या. दहाले ऑपरेशन.'

मी म्हटलं, सोबत येतो ना. म्हणाली, 'नको जी. दहाले या.' दोनदा म्हणाली, दहाले.

माझ्यावर जास्त भार टाकला नाही, यावरून तिचा विश्वास दिसतो. दहा म्हणजे ऐसपैस वेळ आहे.

बुधवार, १० डिसेंबर. सकाळी ८.३०

गोळी घ्यायला देवघरात गेलो. पण शामला तिथे हात जोडून उभी होती. आडवं जाणं बरं दिसेना. नंतर घेतो.

दुपारी ४.४०

दोघी ऑटोनं गेल्या. फाटकापाशी शामला म्हणाली, दूध गरम करून ठेवा, नासन. भीमाबाई म्हणाल्या, 'भाऊ, शर्ट प्रेस करून ठेवला आहे तिनं.'

घर एकदम मोठं झालं.

संध्याकाळी ६.३५

अस्वस्थ. हात गार. कशातच लक्ष नाही. डायनॉर्फिन वाढलं असणार; तिसऱ्या भागात हीच लक्षणं मी दिली आहेत. गोळीची आठवण झाली, पण आता नाश्ता झालेला नाही, आणि ती नाश्त्यानंतर घ्यायची आहे.

मुंबईच्या मंडळींचा फोन. म्हटलं, आज नाही, उद्या बायकोचं ऑपरेशन आहे. ते म्हणाले, अरे मग तू एकटा बसणार? हे बरोबर नाही. आम्ही आहोत ना.

माणुसकीचा प्रश्न आहे. जाऊन फक्त बसतो.

७.२०

बसलो आहे. लिंबू सोडा.

७.४५

एक. चिंतेसाठी. औषध म्हणून घेतलं की त्याला मात्रा म्हणतात.

८.५०

मात्रा तीन. चौथी नाकारली. शामलासाठी सगळ्यांनी ग्लास वर केले. डोळे भरून आले. चौथी घेतली. इतकी चांगली माणसं. एन्डॉर्फिन उत्तम. शामलाला फोन केला, भीमाबाईंनी उचलला, म्हणाल्या, ती झोपली आहे. मी म्हटलं, तिला सांगा मी दहाच्या आधी येणार. त्या म्हणाल्या, हो भाऊ.

गुरुवार, ११ डिसेंबर. सकाळी ८.१५

जाग आली. मोबाइलमध्ये तीन गजर लावले होते, तिन्ही बंद. आपणच केले असावेत. डोकं हातोडीखाली. पण वेळ आहे! हेच मी म्हणत होतो. अंघोळ, पांढरा शर्ट, दोन वेलदोडे. दूध नासलं.

९.४५. हॉस्पिटल

पंधरा मिनिटं आधी. पायऱ्या चढताना स्वतःबद्दल जे वाटलं ते बऱ्याच दिवसांनी वाटलं. बाकड्यावर एक गृहस्थ आमचाच पेपर उघडून बसले होते. पान सहा. 'मी मोकळा झालो', माझ्या फोटोसकट. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो. त्यांनी ओळखलं नाही. फोटो जुना आहे.

ऑपरेशन थिएटरच्या बाहेर भीमाबाई. मांडीवर शामलाची चप्पल, पिशवीत घातलेली. म्हटलं, किती वाजता नेणार? म्हणाल्या, 'नेलं ना भाऊ. साडेसातलेच. झालं बी. चांगलं झालं, सतरा खडे निघाले. आता आत झोपली आहे.'

म्हटलं, दहाचं होतं ना?  त्यांनी चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

सही? 'मीच केली. नातं विचारलं, बहीण लिवलं.'

मग, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, म्हणाल्या, 'तुमचा लेख वाचून दाखवला मी तिले सकाळी. लय हसली बाप्पा! बीपी जास्त होतं, हसून उतरलं. डॉक्टर म्हणे, काय वाचून राहिले, आम्हालेही द्या.'

म्हणजे लेखाचा उपयोग झाला. हसण्यानं घरची अफू सुटते, हे मी पहिल्याच भागात

१०.१०

आत जाऊ लागलो. सिस्टरनं अडवलं. रजिस्टर पाहिलं. पेशंटसोबतची व्यक्ती: एक, नाव भीमाबाई, नातं बहीण. बाकीच्यांनी भेटण्याच्या वेळेत यावं, चार ते सहा. मी म्हटलं, मी पती आहे. तिनं वर पाहिलं, नाक जरासं मागे घेतलं आणि पुन्हा म्हणाली, चार ते सहा.

वेलदोडा संपला होता.

दुपारी ४.०५

रांगेतून आत. शामला जागी होती. चेहरा पिवळट, केस टोपीत. मी स्टूल ओढून बसलो.  म्हटलं, सतरा निघाले म्हणे. म्हणाली, हो.

थोड्या वेळानं विचारलं, तू मला दहाची वेळ का सांगितलीस?

ती म्हणाली, 'तुम्ही यावं म्हणून.'

मी म्हटलं, पण मी तर पंधरा मिनिटं आधीच आलो होतो. म्हणाली, 'हो. भीमाबाईनं सांगितलं मले.' आणि माझ्या शर्टाची कॉलर, जितका हात उचलता येत होता तितका उचलून, सरळ केली. भूल देताना कोण दिसलं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही. मग तिचे डोळे मिटले, औषधानं असेल.

संध्याकाळी ६.००

घंटा झाली. सगळ्यांना बाहेर काढलं. दारात दुसरी सिस्टर होती, ड्यूटी बदललेली. विचारलं, सतरा नंबर बेडच्या पेशंटचे तुम्ही कोण?

म्हटलं, भेटायला आलो होतो.